कारखान्यातील सिम्युलेशन : एका आज्ञावलीचा हिशेब दुसरीला कसा समजावा?

डाय कापण्यापूर्वी, साच्यात धातू ओतण्यापूर्वी किंवा शेडमध्ये यंत्रे मांडण्यापूर्वी तेच काम संगणकावर करून पाहणे म्हणजे सिम्युलेशन, हे आता आमच्या उद्योजक वाचकांना नव्याने सांगायला नको. पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर या भागांत वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखानदाराकडेही ऑर्डरबरोबर सिम्युलेशनचा अहवाल मागितला जातो. ज्याच्याकडे स्वतःचे सॉफ्टवेअर म्हणजे आज्ञावली नाही, तो बाहेरून करून घेतो. येथपर्यंत ठीक आहे. खरी अडचण पुढे सुरू होते. पत्रा दाबण्याचे सिम्युलेशन एका आज्ञावलीत होते, वेल्डिंगचे दुसरीत, मजबुतीचे तिसरीत आणि गाडी धडकली तर काय होईल याचे चौथीत. प्रत्येक आज्ञावली आपल्यापुरती शहाणी असते. शेजारणीने काय शोधून काढले याची तिला खबर नसते.

ही माहिती एकीकडून दुसरीकडे कशी न्यावी, नेताना काय सांडते आणि अर्धवट नेल्यास काय होते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. विषय जरा तांत्रिक आहे खरा, पण यात पैसा बुडतो तो बहुधा साखळीच्या शेवटच्या माणसाचा. म्हणून वाचकांनी कंटाळा न करता वाचावे, ही विनंती.

उस्तादांचा गेज

भोसरीत आमच्या परिचयाचे एक डायमेकर आहेत. आठ माणसांचे वर्कशॉप, पण हात असा की परिसरातली तरुण मुले त्यांना उस्तादच म्हणतात. काही वर्षांपूर्वी त्यांना एका ब्रॅकेटची डाय आणि तोच ब्रॅकेट तपासण्याचा गेज अशी दोन्ही कामे एकत्र मिळाली.

पत्रा दाबून सोडला की तो थोडा मागे उसळतो, यालाच स्प्रिंगबॅक म्हणतात. ग्राहकाच्या इंजिनिअरने सिम्युलेशन केले तेव्हा ब्रॅकेटची एक बाजू दोन मिलिमीटर उघडते असे दिसले. म्हणून त्याने डायचा पृष्ठभाग मुद्दाम दोन मिलिमीटर जास्त वळवून दिला, म्हणजे उसळल्यानंतर नग बरोबर मापात येईल. ही पद्धत योग्यच आहे. पण त्यामुळे एकाच ब्रॅकेटचे दोन आकार तयार झाले : एक मालाचा, दुसरा डायचा. डाय दुसऱ्यावरून कापायची आणि गेज पहिल्यावरून. दोन्ही फायलींचे नाव जवळजवळ सारखे होते, आणि गेज कापणाऱ्याच्या हाती डायची फाइल गेली.

पहिले पन्नास नग निघाले, त्यांतला एकही गेजवर बसेना. उस्तादांना वाटले, डाय चुकली. दोन आठवडे घासून, शिम घालून, पुन्हा घासून त्यांनी अखेर नग गेजवर बसवले. म्हणजे बरोबर असलेली डाय स्वतःच्या हाताने चुकीची केली! माल ग्राहकाकडे गेला तेव्हा बोल्टची भोके जुळेनात. डायवर वेल्ड भरून पुन्हा यंत्रावर चढवावी लागली, गेज नवा करावा लागला, आणि उशिराचा दंड वेगळाच. मशीनच्या कर्जाचा हप्ता त्याच महिन्यात होता. ग्राहकाचे म्हणणे, "तुम्ही विचारायला हवे होते." उस्तादांचे म्हणणे, "साहेब, फाइलवर लिहायला हवे होते." खर्च मात्र उस्तादांनी सोसला.

यात गणित कोठेही चुकले नव्हते. सिम्युलेशन बरोबर, डाय बरोबर, गेजचे कटिंगसुद्धा फाइलप्रमाणे तंतोतंत बरोबर. आकडे पोहोचले, पण त्या आकड्यांचा अर्थ पोहोचला नाही.

पत्र्याचा प्रवास

आता जरा मोठे उदाहरण घेऊ. मोटारीच्या पुढच्या बंपरमागे दोन्ही बाजूंना पत्र्याच्या लांबट पेट्या असतात. समोरून धडक बसली की या पेट्या घडी घालत दबतात आणि धडकेचा जोर स्वतःवर घेतात. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात भारत एनकॅप ही मोटारींना सुरक्षेचे तारे देणारी चाचणी सुरू झाली. तेव्हापासून या हिशेबाकडे कंपन्या अधिक बारकाईने पाहू लागल्या असल्यास नवल नाही.

धडकेचे सिम्युलेशन करणारा इंजिनिअर काय गृहीत धरतो? ड्रॉइंगवर पत्रा १.५ मिमी लिहिला आहे, म्हणून सगळीकडे १.५ मिमी. पत्र्याची ताकद गिरणीच्या प्रमाणपत्रात असेल ती. पण हा पत्रा प्रेसखालून गेलेला आहे. जेथे खोल ड्रॉ झाला तेथे तो ताणला गेला आणि पातळ झाला. ताणला गेल्यामुळे तो कडकही झाला. लोखंडी तार वारंवार वाकवली तर ती त्या जागी ताठर होते, तसेच हे.

समजा, एका कोपऱ्यात पत्रा २० टक्के पातळ झाला, म्हणजे १.२ मिमी राहिला. पत्र्याचा लवचीक ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. ०.८ चा घन ०.५१, म्हणजे ताठपणा निम्म्यावर आला. पत्र्याची कायमची घडी पाडण्यास लागणारा जोर जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०.८ चा वर्ग ०.६४. केवळ जाडी पाहिली तर त्या जागी ३६ टक्के ताकद गेली असे दिसते.

पण कडकपणाचे काय? ड्रॉसाठी वापरतात तो साधा मऊ पत्रा सुरुवातीला १८० मेगापास्कलच्या आसपास कायमचा वाकू लागतो असे धरू. एवढ्या ताणानंतर तोच पत्रा सुमारे ४०० मेगापास्कलपर्यंत टिकतो. म्हणजे ताकद सव्वादोन पट. ०.६४ गुणिले सव्वादोन म्हणजे सुमारे १.४. घडी पाडायला मूळ हिशेबापेक्षा ४० टक्के जास्त जोर लागणार!

येथे वाचकांनी थोडे थांबून विचार करावा. प्रेसच्या सिम्युलेशनमधून काहीच आणले नाही तर उत्तर १ येते. जाडी आणि कडकपणा दोन्ही आणले तर १.४ येते, आणि ते खऱ्याच्या जवळ आहे. फक्त जाडी आणली आणि कडकपणा विसरला तर ०.६४ येते. म्हणजे काहीच न आणणाऱ्यापेक्षा अर्धे आणणारा सत्यापासून जास्त दूर गेला. त्यातही वाईट हे की त्याला वाटते, आपण अधिक अचूक काम केले. मग तो पत्रा जाड करायला सांगतो, गाडीचे वजन वाढते, डाय बदलते, आणि ज्या कोपऱ्याची धास्ती घेतली तो मुळात कमजोर नव्हताच. उलटही घडते. पेटीचा एखादा भाग वाजवीपेक्षा कडक निघाला तर घडी जेथे पडायला हवी तेथे न पडता मागे, प्रवाशांच्या बाजूला पडते. पेटी नुसती मजबूत असून भागत नाही. ती योग्य जागी आणि योग्य क्रमाने दबली पाहिजे.

आणखी एक गोष्ट ओघाने सांगतो. दोन दरवाजांमधला खांब हल्ली पुष्कळ गाड्यांत तापवलेल्या पत्र्याचा करतात. बोरॉनयुक्त पोलाद सुमारे ९०० अंशांच्या वर तापवून थंड डायमध्ये दाबतात आणि तेथेच विझवतात. त्याची ताकद १,५०० मेगापास्कलच्या घरात जाते. पण डायचा एखादा भाग नीट गार होत नसेल तर तेथे तेवढी ताकद येत नाही. अशा भागाच्या बाबतीत जाडी आणि ताण पुरत नाहीत. कोणता ठिपका किती वेगाने गार झाला हेही पुढच्या आज्ञावलीला सांगावे लागते.

फाइल उचलून का देता येत नाही?

कोणी म्हणेल, एवढेच आहे तर पहिल्या आज्ञावलीची फाइल दुसरीत घालावी, संपले. दुर्दैवाने तसे होत नाही.

पहिले कारण जाळी. सिम्युलेशनमध्ये भागाचे हजारो बारीक चौकोनांत तुकडे करतात, यास जाळी म्हणतात. प्रेसच्या कामात वळणावर एक-दोन मिलिमीटरचे चौकोन लागतात, नाहीतर कोपऱ्यातला ताण दिसतच नाही. धडकेच्या कामात साधारण पाच मिलिमीटरचे चौकोन चालवतात. हा आळस नव्हे. धडकेचा हिशेब काळाच्या अतिसूक्ष्म पायऱ्यांनी पुढे जातो, आणि पायरी किती मोठी घ्यावी हे सर्वांत लहान चौकोन ठरवतो : पोलादातून आवाजाची लाट तो चौकोन ओलांडायला जेवढा वेळ घेईल त्याहून पायरी मोठी चालत नाही. पोलादात आवाज सेकंदाला सुमारे ५,००० मीटर जातो. पाच मिलिमीटरला एक मायक्रोसेकंद. धडक संपायला शंभर मिलिसेकंद धरले तर एक लाख पायऱ्या. चौकोन एक मिलिमीटरचे केले तर पायऱ्या पाच लाख, शिवाय चौकोनांची संख्या पंचवीस पट. पाच गुणिले पंचवीस, म्हणजे संगणकाचे काम १२५ पट! जे उत्तर रात्रीत मिळते त्यासाठी चार महिने थांबावे लागेल. म्हणून दोन जाळ्या वेगळ्याच राहणार, आणि बारीक जाळीवरचे आकडे जाड जाळीवर उतरवावे लागणार. यास मॅपिंग म्हणतात. बारीक पंचवीस चौकोनांचा एक मोठा चौकोन होताना सरासरी निघते आणि कोपऱ्यातला टोकाचा आकडा बोथट होतो. जो चौकोन अगदी कडेला आहे त्याला शेजारी सापडत नाही आणि आज्ञावली गुपचूप शून्य भरून मोकळी होते, असेही घडते.

दुसरे कारण दिशा. प्रेसवाला भाग असा ठेवतो की प्रेसची चाल वरून खाली यावी. गाडीचा इंजिनिअर तोच भाग गाडीत जसा बसतो तसा ठेवतो. भाग फिरवणे सोपे आहे, पण आतले ताण हेही दिशा असलेले आकडे आहेत. भाग फिरवला आणि ताण फिरवायचे राहिले, तर आडवा ताण उभा होऊन बसतो. डाव्या भागाचा आरसा करून उजवा भाग बनवताना हा घोळ हमखास होतो. जाडीला दिशा नसते म्हणून जाडीचा रंगीत नकाशा अगदी बरोबर दिसतो, आणि पाहणारा फसतो.

तिसरे कारण पत्र्याच्या आत आहे. वाकलेल्या पत्र्यात वरच्या पापुद्र्याला ताण आणि खालच्याला दाब असतो. प्रेसची आज्ञावली जाडीतून सात, नऊ, अकरा थर मोजते. धडकेची बहुधा तीन किंवा पाच. थर जुळवताना काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे माणसाने ठरवायचे असते. शिवाय प्रेसवाला पत्र्याला लाटण्याच्या दिशेप्रमाणे वेगवेगळी ताकद देतो, तर धडकेवाला तो भेद सोडून देतो आणि त्याऐवजी वेगाचा परिणाम धरतो. धातू तोच, पण दोघांनी त्याची दोन वेगळी चित्रे काढलेली असतात.

आणि चौथे कारण एकके, म्हणजे मिलिमीटर, किलो, सेकंद. या कामातल्या काही नामांकित आज्ञावल्या एकक विचारतच नाहीत, त्या केवळ आकडे घेतात. मिलिमीटर, टन आणि सेकंद धरले तर पोलादाची घनता दशांश चिन्हानंतर आठ शून्ये देऊन ७८५ अशी लिहावी लागते. मिलिमीटर, किलो आणि मिलिसेकंद धरले तर शून्ये पाच, आणि दाब गिगापास्कलमध्ये. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. एकातला आकडा दुसरीत गेला की मात्र पोलाद हजारपट जड किंवा हजारपट हलके होते. एवढी मोठी चूक लगेच दिसते. घात होतो तो लहान फरकाने. अमेरिकेच्या नासा संस्थेने डिसेंबर १९९८ मध्ये मंगळाकडे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सोडले. यानाच्या बारीक धक्क्यांचा हिशेब करणारी जमिनीवरची एक आज्ञावली उत्तर पौंडाच्या मापात देत होती आणि ते घेणारी दुसरी आज्ञावली ते न्यूटनच्या मापातले समजत होती. फरक केवळ ४.४५ पट. नऊ महिने ही चूक साचत गेली. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जायचे ते ५७ किलोमीटरच्या आसपास गेले आणि नष्ट झाले.

विमानाच्या तारा

एकच कंपनी, एकाच घराण्याची आज्ञावली, तरी काय होऊ शकते याचे बोलके उदाहरण म्हणजे एअरबस कंपनीचे ए-३८० हे दुमजली विमान. त्याचे तुकडे जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन आणि स्पेनमध्ये बनत आणि फ्रान्समधील तुलूझ येथे जोडले जात. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर तारा, तारांची संख्या एक लाख आणि जोड चाळीस हजारांवर. जर्मनीतील हॅम्बर्गचे लोक कॅटिया या आज्ञावलीची चौथी आवृत्ती वापरत होते, तर तुलूझचे लोक पाचवी. नावे सारखी असली तरी दोन्हींची आतली रचना वेगळी होती. एकीकडचे चित्र दुसरीकडे उतरवताना सगळी माहिती शाबूत राहत नव्हती. त्यातच वजन वाचवण्यासाठी काही तारा तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या घेतल्या होत्या, आणि त्यांना वळायला जास्त जागा लागते. संगणकावर जुळलेल्या तारा प्रत्यक्ष विमानात आखूड पडल्या. हॅम्बर्गहून कारागीर तुलूझला आणून हाताने तारा बसवाव्या लागल्या.

जून २००६ मध्ये कंपनीने उशीर जाहीर केला तेव्हा तिच्या पालक कंपनीचा शेअर एका दिवसात सुमारे २६ टक्के कोसळला. ऑक्टोबर २००६ मध्ये कंपनीने सांगितले की २००६ ते २०१० या काळातल्या नफ्याला ४८० कोटी युरोंचा फटका बसेल. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सला १५ ऑक्टोबर २००७ रोजी मिळाले, ठरल्यापेक्षा जवळजवळ दोन वर्षे उशिरा. पुढे २०२१ मध्ये शेवटचे विमान देऊन त्याचे उत्पादन बंद झाले. बंद होण्याची कारणे अनेक होती, सगळा दोष तारांवर टाकणे न्याय्य नव्हे. पण ज्या वर्षांत ते विकायचे, त्याच वर्षांत ते तारांत अडकून पडले, हे खरे.

एवढ्या मोठ्या कंपनीने हा धक्का पचवला. भोसरीच्या उस्तादांना दोन आठवड्यांचा पचवणे जड गेले. चूक दोघांची एकाच जातीची होती.

ओतकामाची गोष्ट

कोल्हापूर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातील आमच्या फाउंड्रीवाल्या वाचकांनी हा प्रश्न पत्रेवाल्यांचा समजू नये. उलट तेथे तो जास्त तीव्र आहे. कास्टिंगची आज्ञावली सांगते की धातू कोठे आधी गोठेल, कोठे शेवटी, श्रिंकेज कोठे पडेल, रायझर पुरेसा आहे काय. आयआयटी मुंबईत विकसित झालेल्या ऑटोकास्टसारख्या आज्ञावल्या आपल्याकडे आहेत. फाउंड्रीवाला त्यावरून गेटिंग सुधारतो, चांगला नग काढतो, आणि तो अहवाल कपाटात ठेवतो.

तिकडे ग्राहकाचा डिझाइनर त्याच नगाची मजबुती तपासतो तेव्हा सगळा नग एकसारखा धरतो. बिडाचे म्हणजे ग्रे आयर्नचे तसे नसते. एकाच लाडलमधला रस पातळ भिंतीत लवकर गोठतो आणि मजबूत होतो, तर जाड गाठीत सावकाश गोठतो आणि मऊ राहतो. एफजी २६० म्हणताना जी ताकद अभिप्रेत असते ती ३० मिलिमीटर व्यासाच्या वेगळ्या ओतलेल्या चाचणी-दांड्याची. तुमच्या नगातल्या जाड गाठीची नव्हे. हा फरक फाउंड्रीच्या आज्ञावलीला ठाऊक आहे, डिझाइनरच्या आज्ञावलीला नाही. मग डिझाइनर भीतीपोटी सगळीकडे जाडी वाढवतो. जाडी वाढली की गाठ आणखी सावकाश गोठते आणि आणखी मऊ होते! दोघांनी एकमेकांचे कागद पाहिले असते तर वजन, धातू आणि वीज तिन्ही वाचले असते.

काचेचे तंतू घातलेल्या प्लास्टिकचे काम करणाऱ्यांचीही हीच कथा आहे. मोल्डमध्ये तंतू कोणत्या दिशेने वाहत गेले यावर नगाची ताकद ठरते, आणि ती दिशा मोल्डिंगच्या आज्ञावलीशिवाय कोणालाच माहीत नसते.

शेडमध्ये यंत्रे कशी मांडावीत, माल कोठे तुंबेल हे पाहणारे सिम्युलेशन अगदी वेगळ्या प्रकारचे आहे, त्याचा विस्तार येथे करत नाही. एवढेच सांगतो की तेथे सरासरीने घात होतो. मशिनिंगची आज्ञावली म्हणते, नगाला ४२ सेकंद. तोच आकडा लाइनच्या आज्ञावलीत भरला जातो. टूल बदलणे, चिप काढणे, नग धरणे-सोडणे हे त्या ४२ मध्ये आहे की नाही, हे विचारले पाहिजे.

सामाईक भाषेचे प्रयत्न

जगात यावर उपाय शोधले गेले नाहीत असे नाही. सहा आज्ञावल्या असतील आणि प्रत्येकीला प्रत्येकीशी बोलायचे असेल तर दोन्ही दिशांचे धरून तीस दुभाषे लागतात. त्याऐवजी सर्वांनी एका सामाईक भाषेत लिहायचे आणि वाचायचे ठरवले तर बारा पुरतात. आज्ञावल्या दहा झाल्या तर नव्वद विरुद्ध वीस.

अशी पहिली मोठी सामाईक भाषा म्हणजे १९८० साली अमेरिकेत आलेली आयजेस. ती आकारापुरती होती, आणि तिच्यातून आलेल्या फायलींत पृष्ठभागांना फटी पडत, हा जुन्या मंडळींचा अनुभव आहे. त्यानंतर १९९४ मध्ये स्टेप हे आंतरराष्ट्रीय मानक आले, त्याचा क्रमांक आयएसओ १०३०३. आज बहुतेक ग्राहक ड्रॉइंगबरोबर स्टेप फाइल देतातच. १९९९ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेसाठी झालेल्या अभ्यासात असे आढळले की माहितीची देवाणघेवाण नीट न झाल्यामुळे तेथील वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीचे वर्षाला किमान १०० कोटी डॉलरचे नुकसान होते.

पण स्टेप फाइल बहुधा आकार सांगते; ताण, कडकपणा, गोठण्याचा वेग सांगत नाही. त्यासाठी पुढचे प्रयत्न झाले. २०१० मध्ये एफएमआय हे मानक आले. वेगवेगळ्या आज्ञावल्यांतली चालती प्रतिरूपे एका पुडक्यात बांधून एकत्र चालवता यावीत, हा त्याचा हेतू; त्याची तिसरी आवृत्ती २०२२ मध्ये निघाली. त्याच २०१० साली शेड आणि लाइनच्या सिम्युलेशनसाठी सीएमएसडी हे मानक निस्टच्या पुढाकाराने तयार झाले. आणि आपल्या आजच्या विषयाला सर्वांत जवळचे म्हणजे व्हीमॅप. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या नेतृत्वाखाली २०१७ ते २०२० या काळात चाललेल्या प्रकल्पातून ते पुढे आले. जाळी, तिच्यावरचे आकडे, एकके, दिशा आणि धातूची माहिती हे सारे एकाच फाइलमध्ये ठरलेल्या कप्प्यांत ठेवायचे, अशी त्याची रचना आहे. उस्तादांच्या गेजची गोष्ट आठवली की कप्पे ठरलेले असण्याचे महत्त्व कळते : "एकक" नावाचा कप्पा रिकामा असेल तर तो रिकामा आहे हे तरी दिसते.

आमच्या मते मात्र या मानकांकडून अवास्तव अपेक्षा करू नये. भाषा एक झाली म्हणून समज एक होत नाही. २० टक्के पातळ झालेला पत्रा एक आज्ञावली ०.२० असा लिहिते आणि दुसरी लॉगरिदमने मोजून उणे ०.२२ असा. दोन्ही बरोबर, कप्पाही तोच. वाचणाऱ्याला ठाऊक नसेल तर मानक काही करू शकत नाही.

लहान कारखानदाराने काय करावे?

महागड्या आज्ञावल्या विकत घेणे सर्वांना शक्य नाही आणि तशी गरजही नाही. शिकण्यासाठी आणि साध्या कामासाठी फुकट मिळणाऱ्या आज्ञावल्या आहेत : निकाल पाहण्यासाठी पॅराव्ह्यू, मजबुतीसाठी कॅल्क्युलिक्स, आणि धडकेच्या कामातली रेडिऑस ही व्यावसायिक आज्ञावली तर २०२२ मध्ये ओपन रेडिऑस या नावाने सर्वांसाठी खुली झाली. घरातला एखादा डिप्लोमा झालेला मुलगा असेल तर त्याला थोडेसे पायथन शिकवावे. दोन फायलींतले आकडे जुळवून पाहण्याचे काम तो संध्याकाळी दोन तासांत करू लागेल.

त्याहून तातडीचे काम बिनपैशाचे आहे. कोणतीही फाइल घेताना किंवा देताना तिच्याबरोबर एक साधी चिठ्ठी असावी, आणि ती आल्याशिवाय यंत्रावर टूल चढवू नये. चिठ्ठीत हा पृष्ठभाग मालाचा की डायचा, स्प्रिंगबॅकची भरपाई केलेला की न केलेला, हे सर्वांत वर लिहावे. मग ड्रॉइंगची आवृत्ती व तारीख, आज्ञावलीचे नाव व आवृत्ती, एकके, तिन्ही अक्षांच्या दिशा, डावा भाग की उजवा, आणि धातूचे आकडे कोठून घेतले : गिरणीच्या प्रमाणपत्रातून, चाचणीतून की आज्ञावलीत आधीपासून भरलेले. शेवटची बाब लोक टाळतात. आज्ञावलीतले तयार आकडे परदेशी पत्र्याचे असू शकतात आणि तुमच्या प्रेसवर चढणारा पत्रा वेगळा असतो. ऑर्डर घेताना हेही कागदावर आणावे की फाइल चुकीची निघाली तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा. मोठा ग्राहक अशा कलमाला लगेच मान्यता देईल असे नाही, पण एकदा ईमेलवर विचारून ठेवले तरी पुढे बोलायला आधार राहतो.

मॅपिंग करून आलेला अहवाल हाती पडला की तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात. एक, मॅपिंगपूर्वी आणि नंतर भागाचे वजन आज्ञावली किती सांगते. पत्रा ताणला तरी लोखंड नाहीसे होत नाही. वजनात एक-दोन टक्क्यांहून जास्त फरक असेल तर जाडीचे आकडे कोठेतरी हरवले आहेत. दोन, सर्वांत पातळ झालेली जागा दोन्ही चित्रांत त्याच कोपऱ्यात आहे काय. नसेल तर भाग फिरला आहे किंवा आरसा झाला आहे. तीन, पहिला नग निघाल्यावर तो त्याच कोपऱ्यातून कापून मायक्रोमीटरने जाडी मोजावी. नग कापायचा जीव होत नसेल तर अल्ट्रासोनिक जाडीमापक भाड्याने आणावे.

उस्तादांच्या वर्कशॉपमध्ये आता दोन रंगांच्या फायली आहेत, लाल डायची आणि हिरवी मालाची. गेल्या वर्षी एका नव्या ग्राहकाची फाइल आली, तिच्याबरोबर चिठ्ठी नव्हती. त्यांनी काम अडीच दिवस थांबवले. ग्राहकाचा इंजिनिअर फोनवर चिडला, मग त्याने स्वतः फाइल उघडून पाहिली आणि तासाभराने दुसरी पाठवली.